पांढरी भुकटी पिवळी का पडली

मी एक जुनी मूस आहे. वाशीमच्या एका कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या फळीवर माझी जागा आहे. माझ्यात आता खडूचे तुकडे ठेवतात. मित्रांनो, सोनाराच्या दुकानात सोनं वितळवायचं लहान भांडं असतं, त्याला मूस म्हणतात. मी त्याच जातीची, पण चिनी मातीची. चहाच्या कपाएवढी, फक्त मला कान नाही.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. पांढरी माती दळली, चाळली, कालवली, साच्यात घातली आणि आम्हां सगळ्या बहिणींना एकाच भट्टीत रचलं. ज्या आगीच्या तोंडाशी होत्या त्या वाकड्या झाल्या. ज्या पार मागे होत्या त्या कच्च्या राहिल्या, नुसत्या नखानं त्यांचे टवके उडाले. मी मधल्या रांगेत होते म्हणून नीट भाजले गेले. माती तीच, घडवणारे हात तेच, पण आच वेगळी मिळाली म्हणून कोणी कामाची झाली आणि कोणी उकिरड्यावर गेली. हे मी जन्मतःच पाहिलं.

मग गवतात गुंडाळून, पेटीत घालून आगगाडीनं मला वाशीमला आणलं. पहिली काही वर्षं मुलांनी माझ्यात शेतातली माती जाळली, कोळसा जाळला, पळसाची पानं जाळली. माझ्या आतलं लुकण, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर, हळूहळू झिजला आणि आतून मी थोडी खरबरीत झाले. आत बुडाला एक तपकिरी डागही पडला. तरी मी बसक्या बांध्याची आणि आचेला पक्की, म्हणून तायडे सरांनी मला निवडलं.

जगदेव तायडे सर मूळचे आसेगावचे. त्यांच्या घराण्यात कॉलेजात शिकवणारे तेच पहिले. ते उंच आणि सडपातळ होते, आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघत. त्यांचं संशोधन एका पांढऱ्या भुकटीवर होतं. तिचं नाव टायटेनियम डायऑक्साइड. भिंतीच्या नि लोखंडाच्या पांढऱ्या रंगात जो पांढरेपणा असतो, तो बहुतेक हिचाच. सरांना ती नुसती करायची नव्हती. ती कशी केली म्हणजे कशी होते, हे त्यांना शोधायचं होतं.

कृती अशी होती. एका बाटलीत पिवळसर पाण्यासारखं औषध असे. बूच काढलं की ते दमट हवेत पांढरा धूर सोडी. ते थेंब थेंब बर्फाच्या पाण्यात टाकायचं. मग त्यात अमोनिया, तोही थेंब थेंबच. हळूहळू पांढरा साका, म्हणजे गाळ, तळाशी धरे. तो पुन्हा पुन्हा धुवायचा, वाळवायचा, आणि माझ्यात भरून विजेच्या भट्टीत ठेवायचा.

हे सगळं पाहायला चंपतभाऊ जवळ उभा असे. चंपतभाऊ प्रयोगशाळेचा परिचर. गावाबाहेर त्याचा भाजीचा मळा होता. सकाळी मेथी आणि वांगी बाजारात पोचवून तो कॉलेजात येई. भांडी धुणं, पुसणं, जागेवर लावणं हे त्याचं काम, आणि त्याच्या हाताची भांडी लख्ख असत.

"चंपतभाऊ, हे दूध नासवाचं काम नाही," सर त्याला म्हणत. "दही लावाचं काम आहे. घाई केली का फसलं."

"मंग विरजण कायचं, सर?"

"अमोनियाचं."

"तरीच म्हशीच्या गोठ्यावानी वास येऊन राह्यला!"

आणि खरंच, मित्रांनो, माझ्या आत काय होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? थेंब घाईनं पडले असतील तर साका गठ्ठ्या गठ्ठ्यांचा येई आणि भाजल्यावर खडे होत. नीट धुतला नसेल तर तो आचेत फसफसे. सगळं जुळलं आणि आच चारशे अंशांवर धरली, तर माझ्यात इतकी हलकी, इतकी बारीक भुकटी उरे की झाकण उचलल्याच्या वाऱ्यानं ती हलायची. एकेक कण एवढा लहान की प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नसे. तीच आच आठशेवर नेली तर ते कण एकमेकांना चिकटत, जाड होत, आतली ठेवणही बदले. भुकटी मग जड आणि वाळूसारखी लागे. वस्तू एकच, पण तिचा गुण आचेनं ठरवलेला.

सर मला भट्टीतून चिमट्यानं काढत, उजेडात धरत आणि म्हणत, "शाब्बास!" ते भुकटीला म्हणत की मला, ते मला कधी कळलं नाही. मी मात्र ती शाबासकी माझीच समजत असे.

मग चौऱ्याहत्तरचा दसरा आला.

विद्यापीठानं संशोधनासाठी सरांना दिलेली मुदत दिवाळीला संपत होती. भुकटीच्या आतली ठेवण दाखवणारं क्ष-किरणांचं यंत्र नागपूरला होतं, आणि त्यावर सरांना दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारची पाळी मिळाली होती. त्या दिवशी कमी आचेची आणि जास्त आचेची अशा दोन्ही भुकट्या न्यायच्या. पाळी चुकली तर पुढची उन्हाळ्यात. तोवर सरांचं नाव संशोधकांच्या यादीतून कमी झालेलं असणार. जास्त आचेची भुकटी डबीत तयार होती. कमी आचेची सरांना अगदी ताजी न्यायची होती.

दसऱ्याला सर नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. त्यांच्या घरचे सगळे दरवर्षी जात. आणि त्याच दिवशी सकाळी चंपतभाऊ आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, हातात झेंडूची माळ घेऊन प्रयोगशाळेत आला. मळ्यावर तो दसऱ्याला वखर, पांभर, खुरपी पुजत असे. इथली अवजारं तरी का उपाशी ठेवायची? त्यानं तराजू पुजला. भट्टीच्या दाराला माळ घातली. शेवटी मला खाली घेतलं.

"सरायचं काम तुह्यातच होते, माय," तो मला म्हणाला. "त्यायचं काम पार पडू दे."

रिकामं भांडं पुजायचं नाही, अशी त्याच्या घरची रीत. त्यानं माझ्यात अक्षता टाकल्या, एक सुपारी ठेवली आणि मळ्याच्या बांधावरच्या मारुतीचा तेलात कालवलेला शेंदूर बोटानं माझ्या आतल्या अंगाला लावला. पुष्कळ मायेनं लावला. मला इतक्या वर्षांत कोणी हात जोडले नव्हते. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी त्यानं सगळं आवरलं. सर देव मानत नाहीत, त्यांना हे आवडणार नाही, हे त्याला माहीत होतं. अक्षता आणि सुपारी काढली आणि ओल्या फडक्यानं मला पुसलं. वरून मी स्वच्छ दिसत होते. पण माझं आतलं अंग खरबरीत झालेलं. तेल मुरलं होतं, आणि तेलाबरोबर शेंदूरही.

सर परतले आणि कामाला लागले. धुतलेल्या भांड्याकडे ते दुसऱ्यांदा बघत नसत, कारण धुणारा चंपतभाऊ होता. साका भरला, भट्टी तापली. आच वाढू लागली तसं माझ्या अंगातलं तेल जळालं आणि शेंदूर सुटा होऊन भुकटीत शिरू लागला. मला ते कळत होतं. मला तोंड आहे, पण त्यातून शब्द निघत नाही.

सरांनी झाकण उचललं.

भुकटी पिवळी होती. बुडाशी तिचे खडे झाले होते.

"असं कसं झालं?" ते स्वतःशीच म्हणाले. प्रवासानं थकलो होतो, थेंब घाईनं टाकले असतील, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इतके हळू थेंब टाकले की चंपतभाऊचे उभे राहून पाय दुखले. साका धुतला, पुन्हा धुतला, धुतलेल्या पाण्याची परीक्षा घेतली. काही उणं ठेवलं नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय तायडे, पावडर करून राह्यले का बेसन?"

ते उदयसिंग ठाकूर सर होते, विभागाचे प्रमुख. टेबलावरच्या काचेच्या बशीत कालची भुकटी पडलेली त्यांनी पाहिली होती.

"होते सर, एखाद्या वेळेस," तायडे सर म्हणाले.

"होते ना. कांदे मी आणतो, भजे तुमी तळा." ठाकूर सर हसत निघून गेले. तायडे सरही हसले आणि साका वाळत घालायला वळले.

इकडे चंपतभाऊच्या मनात वेगळंच चाललं होतं. त्याला वाटलं, लावलेला शेंदूर आपण त्याच दिवशी पुसला, म्हणून मारुती कोपला. पुसायला नको होता. सर हात धुवायला गेले तेवढ्यात त्यानं खिशातून पुडी काढली आणि माझ्या बुडाच्या तपकिरी डागावर शेंदराचं बोट टेकवलं. डागात ते दिसेना. या वेळी त्यानं पुसलं नाही.

"चूक झाली, देवा," तो पुटपुटला. "सरायले शिक्षा नको देऊ."

मित्रांनो, त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं. फुटले असते तर सरांनी दुसरं भांडं घेतलं असतं. पण मला पक्कं भाजलं होतं, आणि अशी मूस मनात आलं म्हणून फुटत नाही.

भुकटी आणखी पिवळी निघाली.

मग सरांनी आच कमी केली. भुकटी पिवळी ती पिवळीच, वर आतून कच्ची. त्यांनी वेळ वाढवला, खडे वाढले. जे जे त्यांना बदलता येत होतं ते सगळं त्यांनी बदललं. भांडं बदलायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही, कारण आजवर मी त्यांना कधी दगा दिला नव्हता. बाटलीतलं औषध प्रत्येक वेळी थोडं खाली जात होतं. सरांनी डबा खाणं सोडलं. आसेगावहून त्यांची आई, केशरबाई, ज्वारीच्या भाकरी घेऊन आली होती. तीही बाहेरच्या पायरीवर बसून वाट पाहून परत गेली. सर नागपूरला जाण्याऐवजी गावाकडे परततील की काय, असं मला वाटू लागलं.

बुधवारची सकाळ उजाडली. दुपारच्या एस.टी.नं निघालं तरच गुरुवारी वेळेवर पोचता येणार होतं.

सरांनी बाटली उजेडात धरली. तळाशी एका वेळेपुरतं औषध उरलं होतं. ते त्यांनी पहाटेच येऊन थेंब थेंब ओतलं, साका केला, धुतला, वाळवला. माझ्या शेजारी तो काचेवर तयार होता. दुधासारखा पांढरा.

"चंपतभाऊ, हे शेवटचं," सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "हेही पिवळं झालं तर मी नागपूरले जात नाही. मास्तरकी करतो आपली, सुखानं."

"पुन्हा पाळी भेटत नाही काय, सर?"

"भेटते. पण तवा माहं नाव नसन."

सर साका माझ्यात भरायला चमचा उचलणार, तोच चंपतभाऊनं मला दोन्ही हातांनी झाकलं.

"सर, थांबा."

"काय झालं?"

"भरू नका याच्यात."

"काहून?"

चंपतभाऊच्या हाताला घाम सुटला होता. तो माझ्या कडांना लागत होता. "म्या याच्यात शेंदूर लावला सर. दसऱ्याले. मंग पुसला. मंग देव कोपला म्हून पुन्हा लावला. आजही लावनार होतो. पुडी खिशात हाये. पण हे शेवटचं म्हनता तुमी, मंग माहा हातच उचलेना."

 सरांनी मला त्याच्या हातातून घेतलं, खिडकीत नेलं आणि बुडाच्या डागावर नख ओढलं. नखाला नारिंगी कण आला. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. आता हे मला भिंतीवर आपटणार, असं मला वाटलं.

"शेंदूर म्हंजे शिसं असते चंपतभाऊ! शिसं!" ते ओरडले. "इतके दिवस मी मेलो इथं, अन् तू बाजूले उभा होता! सांगतलं काहून नाही?"

"तुमी रागवसान म्हून."

"अन् आता रागवून नाही राह्यलो काय?"

"राह्यले ना. पण आता सांगतलं नसतं तं तुमचं कामच गेलं असतं." चंपतभाऊ खाली बघत होता. "तुमी मागत नाही सर देवाले. म्हून तुमच्या वाटचंही म्याच मागतलं."

सर खुर्चीवर बसले. बराच वेळ मी त्यांच्या मांडीवर होते. त्यांचा श्वास हळूहळू खाली येताना मला कळत होता. मग ते उठले, मला हातात घेतलं आणि सरळ ठाकूर सरांच्या खोलीत गेले. ठाकूर सरांच्या कपाटात एक स्वच्छ, काचेसारखी आरपार दिसणारी वाटी होती. ती आचेला पक्की होती, पण ते कोणाला हात लावू देत नसत.

"सर, तुमची वाटी पाह्यजे. आत्ता."

"मुशीले काय झालं?"

"खराब झाली."

"कायनं?"

सरांनी दाराकडे पाहिलं. चंपतभाऊ दारात उभा होता. खरं सांगितलं तर त्याची नोकरी राहील की जाईल, ते ठाकूर सरांच्या मर्जीवर होतं.

"मी दसऱ्यानंतर न धुता भरली," तायडे सर म्हणाले. "पाहाले पाह्यजे होती. नाही पाह्यली."

"नाही सर," चंपतभाऊ दारातूनच बोलला. "त्यायचं काही नाही. शेंदूर म्या लावला. मूस पुजली म्या."

ठाकूर सरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तायडे सरांकडे, एकदा माझ्याकडे. मग टेबलावर थाप मारून हसले.

"वा रे जोडी! एक देव मानत नाही, अन् दुसरा मुशीतही देव बसवते!" त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली सोडली. "घेऊन जा. फुटली तं दोघायलेही त्याच भट्टीत घालतो. अन् चंपत, तुह्यासंग मंग बोलतो."

वाटी भट्टीत गेली. मी टेबलावर राहिले. इतक्या वर्षांत भट्टी तापत असताना मी पहिल्यांदाच बाहेर होते. भट्टीची आच दाखवणारी सुई चढू लागली. दोनशे. तीनशे. त्या दिवसांत वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता. मधेच व्हरांड्यातला दिवा मंदावला. सुई थबकली. चंपतभाऊनं डोळे मिटले. सरांनी मिटले नाहीत, ते सुईकडे बघत राहिले. दिवा पुन्हा उजळला. सुई चारशेवर आली आणि सरांनी ती तिथे धरून ठेवली.

दुपारी दार उघडलं. सरांनी वाटी थोडी निवू दिली आणि झाकण उचललं. भुकटी त्या झाकणाच्या वाऱ्यानं हलली.

पांढरी. पिंजलेल्या कापसासारखी.

 चंपतभाऊनं डबी पुसून पुढे केली. सरांनी भुकटी डबीत भरली, डबी रुमालात बांधली आणि एस.टी. गाठायला निघाले. दारापर्यंत जाऊन ते परत आले. "चंपतभाऊ," ते म्हणाले, "ते पिवळ्या पावडरीच्या पुड्या फेकू नको. माह्या चुकाही नेतो मी." त्या पुड्याही त्यांनी पिशवीत टाकल्या.

यंत्रावर कमी आचेच्या भुकटीची ठेवण एक निघाली आणि जास्त आचेच्या भुकटीची दुसरी, जशी सरांनी सांगितली होती तशीच. मुदत वाढली. पिवळ्या भुकटीबद्दलही त्यांनी नंतर चार पानं लिहिली, असं मी ऐकलं. चंपतभाऊची नोकरी टिकली. ठाकूर सरांनी त्याला महिनाभर "पुजारीबुवा" म्हणून हाक मारली, एवढीच त्याची शिक्षा.

माझं मात्र ते काम तिथेच संपलं. शिसं माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की सरांनी मला आम्लात उकळलं तरी त्यांचा माझ्यावर विश्वास बसेना. नंतर नव्या मुशी आल्या. मी फळीवर गेले आणि धूळ खाऊ लागले. सर येता-जाता कधी कधी माझ्याकडे बघत, पण उचलत नसत. त्याचं मला वाईट वाटतं, हे मी नाकारत नाही. मला हात जोडणाराही मायेचाच होता आणि मला बाजूला ठेवणाराही समजूतदारच होता. मग राग कोणावर धरू?

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कशातही काही करायला घ्याल तेव्हा आधी ते भांडं स्वतः बघा, दुसऱ्यानं धुतलं असलं तरी. तुमच्या हातून त्यात काही पडलं, चुकून किंवा मायेनं, तर पुसून गप्प बसू नका. ज्याचं काम त्यात होणार आहे त्याला त्याच दिवशी सांगा. आणि कोणी धीर करून असं काही सांगायला आलं, तर आधी त्याचं ऐका. ओरडायचं असेल तर मग ओरडा. पण त्याला पुन्हा कधी सांगायची भीती वाटेल, इतकं ओरडू नका.